अकरा साखळ्या उत्तरेला

लिहा, ऑक्टोबर २०१८, दुसरा शनिवार, दुपारचे साडेतीन. हजर कोण कोण ते आधी लिहून घ्या, म्हणजे नंतर वाद नकोत. मी, शैला जगदाळे, वय चोपन्न. आमचे हे, अरविंद, आत चहा करतायत. आमची लेक तन्वी, रीडिंग वीक म्हणून युनिव्हर्सिटीतून घरी आलीय. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्यात त्या मार्जरी टॅलिस, वय एकोणनव्वद, मराठी कळत नाही पण आपलं नाव आलं की मान हलवतात, बघा, हलवली. मोज्यांवर बसलाय तो डग, शेजारचा शेतकरी, बूट बाहेर काढायला सांगितले म्हणून जरा अवघडलाय. त्याच्या शेजारी वेन, टाउनशिपच्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करायचं यंत्र, चालवतो. आणि तुम्ही, अश्विनी, मराठी मंडळाच्या अंकासाठी आलेल्या. एकूण सात. सकाळी फाटक बसवायलाही, कुठलं ते पुढे येईलच, हेच सगळे होते, तुम्ही सोडून, तुमची जीपीएस तुम्हाला भलत्याच कन्सेशन रोडवर घेऊन गेली.

आता सुरुवातीपासून सांगते. माझा जन्म दहिवडीचा, माण तालुका, सातारा जिल्हा. पाऊस पडला तर पडला असा मुलूख. वडील सरकारी मोजणीदार, भूमी अभिलेख कार्यालयात. मोजणीदार म्हणजे गावात कुणाला नको असलेला पाहुणा, कारण तो आला की दोन भावांपैकी एक जण रात्री जेवायचा नाही. मे महिन्याच्या सुट्टीत ते मला बरोबर न्यायचे, टोपीत कांदा घालून, खरंच सांगते, उन्हासाठी. त्यांची माणसं साखळी ओढायची, वडील आकडा ओरडायचे, तो मी परत ओरडायचा आणि मगच वहीत लिहायचा, परत ओरडल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा झाला की एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. काय सांगू तुम्हाला, हे मला बाराचा पाढा यायच्या आधी येत होतं.

बी.कॉम. झाले, लग्न झालं, पुण्यात आले, हे टूल डिझाइनला होते, अठ्ठ्याण्णव साली इकडे कॅनडात, केंब्रिजला आलो. मी आधी एका ग्रोसरीत होते, मग मोटारीच्या कारखान्यात पार्ट्सच्या वेअरहाउसला लागले आणि अजून तिथंच आहे. माझं काम मोजण्याचं. कम्प्युटर म्हणतो या बिनमध्ये, म्हणजे खणात, चारशे क्लिपा आहेत, मी जाऊन बघायचं खरंच आहेत का. नसतात. कधीच नसतात. मग का नाहीत ते शोधायचं. आमच्याकडे नियम आहे, एकाने मोजलं की दुसऱ्याने मोजायचं, पहिल्याचा आकडा न बघता. मी नव्या मुलींना शिकवताना हेच शिकवते, स्वतःच्या सुंदर अक्षरावर विश्वास ठेवू नका. लक्षात ठेवा हे वाक्य, कारण माझी फजिती यातच झाली.

मग २०१४ ला आम्ही टाउनहाउस विकून इथं आलो, यांना जमीन हवी होती, मेथी लावायची, वांगी लावायची, विंटर सहा महिने असतो हे यांना दर वर्षी एप्रिलमध्ये नव्याने कळतं. एक एकर घेतली. सासऱ्यांना फोन केला तर म्हणाले, अरे कॅनडात जाऊन चाळीसच गुंठे? तन्वी तेव्हा हायस्कूलला, ती म्हणाली, मॉम, देअर इज लिटरली नथिंग हिअर. खरंच काही नव्हतं. चार रस्त्यांचा चौक, स्टॉपची पाटी, एक बंद पडलेलं धान्याचं कोठार आणि नाव मात्र टॅलिस कॉर्नर्स, नकाशावर असं छापलेलं की वाटावं मोठं गाव आहे.

ते नाव कुठून आलं ते मला लायब्ररीत कळलं. गेले होते फोटोकॉपी काढायला, तर मागच्या खोलीत सहा म्हातारी माणसं बुटांचे खोके उघडून बसलेली, टाउनशिपचा इतिहास जमवणारी मंडळी, दर दुसऱ्या मंगळवारी भेटायची. तिघं जण एकच फोटो शोधत होते, शाळेचा, आणि तो चौथ्याच्या हातात होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, एक्स्क्यूज मी, पण याची यादी कुठाय? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा या मार्जरीबाई म्हणाल्या, बस बाळ, कोट काढ. झालं. त्या दिवसापासून मी बसलेय.

पहिल्या विंटरमध्ये एकशे बारा खोक्यांची यादी केली. कुणाचं लग्न, कुणाची गिरणी, कुणाची गाय कुणी मारली, सगळ्याला नंबर. आणि यादी करता करता ते गाव माझ्यासमोर उभं राहिलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी यॉर्कशरहून अकरा घरं आली, जंगल तोडलं, लाकडाची घरं बांधली. लोहाराचा भाता, करवतीची गिरणी, शाळा, एक चॅपल. मग आगगाडी आली ती सहा मैलांवरून गेली आणि इथली माणसं हळूहळू तिकडे गेली, चॅपल जळालं, लोहार मेला, राहिली फक्त टॅलिसांची शेती, तीही मार्जरीबाईंच्या वडिलांनी विकली, डगच्या आजोबांना. त्या अकरा घरांच्या आधी इथं कुणीच नव्हतं असं मात्र समजू नका. यंदा इथं माहितीची पाटी लावली, तिच्या पहिल्या मजकुरात कुणीतरी पहिले रहिवासी असं लिहिलं होतं, ते मीच खोडलं, त्यांच्या कितीतरी आधीपासून या नदीकाठाला माणसं राहत होती, मग हे पहिले कसे? आता पाटीवर यॉर्कशरहून आलेली अकरा घरं असंच आहे. यादीत जे आहे ते लिहावं.

मंडळात माझी चेष्टा व्हायची. गणपतीच्या वेळी कुलकर्णी काका म्हणाले, काय हो शैलाताई, गोऱ्यांच्या मढ्यांच्या याद्या करता म्हणे, आधी आपल्या मंडळाची मेंबर लिस्ट नीट करा. मी म्हटलं, काका, तीही मीच करते, पण आपले लोक दर दोन वर्षांनी घर बदलतात आणि कळवत नाहीत, मढी निदान एका जागी राहतात.

पण तेच तर, ती एका जागी होती आणि ती जागा कुणाला माहीत नव्हती. अकरा घरं पन्नास-साठ वर्षं नांदली तर माणसं मेली असणारच. त्यांना पुरलं कुठे? मार्जरीबाई लहानपणापासून सांगायच्या, आमची जुनी दफनभूमी डगच्या शेतात आहे, माझी आजी सांगायची, हॅना तिथं आहे. हॅना म्हणजे मार्जरीबाईंच्या पणजोबांची आई, बोटीतून सहा मुलं घेऊन आली, पोचली चार. लोक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे, कारण आजीने जागा दाखवली नव्हती आणि कागद कुणाकडे नव्हता.

आणि २०१७ च्या उन्हाळ्यात नोटीस लागली. डगचं शेत खडीच्या खाणीसाठी जाणार. एक कंपनी घेत होती, नाव नाही सांगत, त्यांची काही चूक नव्हती. डग साठीला आलेला, मुलगी अल्बर्टात, शेत करणार कोण, त्याला विकायचंच होतं. खाण म्हणजे काय, वरची माती ढकलून बाजूला करायची आणि साठ-सत्तर फूट खाली जायचं. तिथं कबरी असतील तर त्या खडीबरोबर ट्रकात जाणार. मार्जरीबाई टाउनशिपच्या कौन्सिलपुढे उभ्या राहिल्या, म्हणाल्या, तिथं माझी माणसं आहेत. त्यांना विचारलं, पुरावा? त्या म्हणाल्या, माझी आजी. सभागृहात कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही, पण हसलं. मी मागच्या रांगेत होते, मला ते लागलं. अहो, अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई.

कौन्सिलने मुदत दिली, निर्णय नोव्हेंबरच्या सभेत. म्हणजे मला दहा आठवडे. सगळे खोके पुन्हा काढले, या वेळी एकेक कागद. आमच्या यांनी डब्याचं काम हातात घेतलं, सहा आठवडे आम्ही पिठलं आणि टोस्ट खाल्ला. आणि खोका नंबर एकाहत्तर, चॅपलच्या कारभाऱ्याची खिशातली वही, शेणाच्या गोवरीसारखी कडक झालेली, तिच्यात मेणबत्त्यांचा हिशेब, खिडकीची काच, आणि एका पानाच्या तळाला एक ओळ. दफनाची जागा, लोहाराच्या कोपऱ्यातल्या खांबापासून हद्दीने अकरा साखळ्या उत्तरेला, मग दोन साखळ्या आत.

साखळ्या! मी लायब्ररीत उभी राहिले. इतकी वर्षं परक्या देशात परकी मापं, पौंड, गॅलन, फॅरनहाइट, आणि अचानक माझ्या वडिलांचा शब्द समोर. मला वाटलं हा कागद माझीच वाट बघत होता. घरी आले, कागदावर सुबक आकृती काढली, टाइप केलं, उत्तरेला तीनशे त्रेसष्ट फूट, आत सहासष्ट फूट, लाल रंगात फुली. मंगळवारी सगळ्यांना एकेक प्रत दिली. हे म्हणाले, एकदा त्यांच्यापैकी कुणाकडून तपासून घे. मी म्हटलं, मापाचं मला सांगू नका, मी मोजणीदाराची मुलगी आहे. असं म्हणाले मी. यांच्या तोंडावर. यांनी ते अजून विसरलेलं नाही, बघा आतून हसले.

कंपनीने पुरातत्त्वाची जाणकार बाई आणली, चांगली बाई. माझ्या फुलीवर डगच्या सोयाबीनमध्ये तीन लांब चर काढले, वरची माती थराथराने खरवडली. कबर खणली असेल तर खालच्या मातीचा रंग वेगळा दिसतो, कितीही वर्षं झाली तरी. आम्ही सगळे काठावर उभे, मार्जरीबाई फोल्डिंगच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट. पहिला चर, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याच्या वेळी मी पुढे जाऊन बघितलं, माती एकसारखी पिवळी. बाई म्हणाली, आय ॲम सॉरी, इथं कुणी कधी खणलेलंच नाही. डग म्हणाला, शैला, तुम्हाला तुमची संधी मिळाली. रागाने नाही म्हणाला. मार्जरीबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तू तुझ्याकडून सगळं केलंस, बाळ. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. गावातल्या कॉफीच्या दुकानात लोक आता मार्जरीबाईंकडे बघून आवाज बारीक करायला लागले, म्हातारीला भास होतो म्हणून. आणि तो भास सिद्ध करून दिला कुणी? मी, टाइप करून.

सभेला बारा दिवस राहिले होते. मी कारखान्यात जात होते, बिन मोजत होते आणि पुन्हा पुन्हा तीच आकृती डोळ्यासमोर. तन्वी फोनवर म्हणाली, आई, यू डिड युअर बेस्ट, लेट इट गो. आई म्हणाली ती, मॉम नाही, म्हणजे मी किती वाईट दिसत असेन बघा, फोनवरसुद्धा.

मग एका सकाळी टपाल घ्यायला रस्त्यापर्यंत चालत गेले, तर हा वेन, ग्रेडर बंद करून, टेप घेऊन रस्ता मोजत होता, कल्व्हर्टचा, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीचा, नवा पाइप टाकायचा होता. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही म्हणून ते खडीत खोचलेलं सारखं सुटत होतं. मी म्हटलं, द्या इकडे. धरलं. कुंपणापासून कुंपणापर्यंत किती भरलं, तर सहासष्ट फूट. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, बरोबर दोन साखळ्या. वेन म्हणाला, नाही, एक. मी म्हटलं, दोन, तेहतीस दुणे सहासष्ट. तो हसला, म्हणाला, लेडी, मी सत्तावीस वर्षं हे रस्ते खरवडतोय, या प्रांतातला प्रत्येक जुना रस्ता एक साखळी रुंद आहे, राजाच्या सर्व्हेयरांनी आखला तेव्हापासून, आणि साखळी म्हणजे सहासष्ट फूट.

काय सांगू तुम्हाला. मी टेप सोडली. ती सर्रकन जाऊन याच्या बोटांवर बसली. इथली साखळी सहासष्टची! तेहतीसची साखळी आमची, दहिवडीची, गुंठ्यांची! मी सगळ्यांना फुटांत आकडे दिले होते, साखळ्या कुणाला दाखवल्याच नव्हत्या. दाखवल्या असत्या तर त्या सहांतल्या कुणीही सांगितलं असतं, इथं शेतावर वाढलेल्या माणसाला हे शाळेतल्या पोराइतकं पाठ असतं. पण कागद इतका सुबक होता की कुणी तपासला नाही. मी आकडा परत ओरडून घेतला नाही आणि दुसऱ्याकडून मोजूनही घेतला नाही. ते सगळं मी मला येतं म्हणून सोडलं.

आता पहिलं काम काय? शेतात पळत जायचं? नाही. पहिलं काम मार्जरीबाईंना फोन. तो फोन उचलायला मला वीस मिनिटं लागली, सिंकमधली सगळी भांडी घासून झाली. मी सरळ सांगितलं, चूक माझी, आमच्या देशातली साखळी मी तुमच्या शेतात वापरली, आपण निम्म्याच अंतरावर खणलं.   पलीकडून मार्जरीबाईंचा खोकल्यासारखा आवाज आला, त्या हसत होत्या. म्हणाल्या, म्हणजे आपण फक्त अर्ध्याच चुकलो.

मग डग. त्याच्या दारात मी आणि हे उभे. तो म्हणाला, परत? मी म्हटलं, परत, खणणार नाही, फक्त मोजणार. तो म्हणाला, एक तास, माझं सोयाबीन उभं आहे. या वेळी टेप यांच्या हातात, आकडा यांनी ओरडायचा, मी परत ओरडायचा, वेनने आपल्या वहीत वेगळा लिहायचा आणि कुणी कुणाचा बघायचा नाही. लोहाराच्या खांबाच्या जागी आता स्टॉपची पाटी आहे. तिथून सातशे सव्वीस फूट उत्तरेला, मग एकशे बत्तीस आत. मार्जरीबाई डगच्या ट्रकमध्ये, ट्रक आमच्या मागून पावलापावलाने. दुसऱ्या आकड्याला आम्ही थांबलो आणि समोर होती काट्यांची जाळी, शेताच्या मधोमध, दगडांचे ढीग, वाकडी झाडं. इथल्या प्रत्येक शेतात असा एक उकिरडा असतो, नांगराला लागलेले दगड टाकायची जागा, त्याच्याकडे कुणी बघत नाही. आम्हीही पंधरवड्यापूर्वी त्याच्याकडे पाठ करूनच उभे होतो.

डग ट्रकमधून उतरला आणि म्हणाला, यात माझ्या बापाने कधी नांगर घालू दिला नाही. फाळ मोडेल म्हणायचा. मग म्हणाला, पण बाहेरच्या बाजूने आम्ही दगड टाकत होतो, आत दगड नाहीत.

आत गेलो, काटे बाजूला करत, यांचा चांगला स्वेटर फाटला. आणि आत, नोव्हेंबरचा महिना, सगळी झाडं उघडी, सगळं गवत मेलेलं, आणि जमिनीवर हिरवागार गालिचा. बारीक चकचकीत पानं, गुडघ्याखाली दाट. सदाफुलीसारखी वेल, तिच्याच जातीतली. मी ओळखली, कारण मार्जरीबाईंच्याच एका खोक्यात वाचलं होतं, जुने लोक ही कबरीवर लावायचे, बर्फातही हिरवी राहते म्हणून, आणि ती आपणहून इथं येत नाही, कुणीतरी लावावी लागते. मी खाली बघितलं तर जमीन सपाट नव्हती. खळगे. माणसाएवढे लांब, शेजारी शेजारी, सगळे पूर्वेकडे तोंड केलेले, काही अगदी छोटे. मी मोजायला लागले, एक, दोन, तीन, हे माझ्यामागे परत म्हणत होते, आणि चौदावर मोजणी संपली. डगने टोपी काढली. 

वेनने बारीक सळई हळूच खाली घातली, एका खळग्याच्या डोक्याशी, चार बोटांवर टक्क वाजली. आम्ही हातानेच वरचं गवत चटईसारखं उलटलं. पांढरा दगड, पालथा नाही, उताणा. मी माती झाडायला लागले तर मागून मार्जरीबाई म्हणाल्या, थांब. डगने त्यांना अक्षरशः उचलून आणलं होतं, काट्यांवरून. त्या गुडघ्यावर बसल्या, त्या वयात, हातमोजे काढले आणि बोटाने अक्षरं चाचपली. एच, ए, एन. पुढचं वाचलंच नाही त्यांनी, म्हणाल्या, वेल, हॅना, देअर यू आर.

मी तेव्हा रडले नाही, खोटं कशाला सांगू. मी घड्याळ बघितलं. तास संपायला सहा मिनिटं होती. मी डगला म्हटलं, आम्ही वेळेत आहोत.

तीच पुरातत्त्वाची बाई परत आली, तिनेही स्वतंत्र मोजलं, चौदा. सभेच्या दिवशी हॉल भरला होता, बाहेर बर्फाचा चिखल, दारात बुटांचा ढीग. मला तीन मिनिटं दिली होती. मी उठले आणि आधी माझी चूक वाचली, कुठली साखळी, किती फूट, कुणी तपासलं नाही, जबाबदार कोण, मी. मग दुसरी मोजणी वाचली, तिघांचे तीन आकडे. एका कौन्सिलरांनी चष्मा खाली करून विचारलं, अगदी सभ्यपणे, मॅडम, तुम्ही मूळच्या इथल्या नाही, तुम्हाला या जमिनीबद्दल इतकी खात्री कशी? मी म्हटलं, सर, मूळची मी दहिवडीची, आणि खात्री मला पहिल्या वेळी होती, तेव्हा मी चुकले. या वेळी मी खात्री धरली नाही, मोजलं. हॉलमध्ये हसू फुटलं, या वेळी मोठ्याने, आणि ते माझ्या बाजूचं होतं.

मग डग उठला. त्याला कुणी बोलवलं नव्हतं. म्हणाला, जमीन माझी आहे आणि मला विकायचीय, पण तेवढा तुकडा सोडून. तो बसला. मतं घेतली, पाचपैकी पाच हात वर. खाण पश्चिमेला सरकली, कंपनीने नकाशा बदलला, तेवढा तुकडा आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा कायमची राखीव. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, वेन शिट्ट्या वाजवत होता, क्लार्कने त्याला गप्प केलं. आणि या बाई, ज्यांना हसले होते, त्या हॉलच्या मधून काठी टेकत गेल्या तर दोन्ही बाजूंची माणसं हात पुढे करत होती, एखाद्या नवरीसारख्या चालल्या होत्या. हो मार्जरी, तुमच्याबद्दलच सांगतेय. म्हणतात, सगळं चांगलं सांग.

कुलकर्णी काकांनी पेपरातला फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आपल्या शैलाताई. आता आपल्या झाले. मी उत्तर लिहिलं, काका, तुमचा नवा पत्ता अजून आला नाही.

यंदा उन्हाळाभर काम चाललं. काटे काढले, झाडं ठेवली. नऊ दगड सापडले, पाच कबरींना दगड नव्हता, त्यांची नावं वहीवरून आणि पत्रांवरून जुळवली, चौदाच्या चौदा, लहान मुलं धरून. सीडरचं कुंपण डगने स्वतःच्या लाकडाचं घातलं. वाट वेनने सपाट केली, रविवारी, टाउनशिपच्या ग्रेडरने नाही, ते लिहू नका, स्वतःच्या ट्रॅक्टरने असं लिहा, कारण खरंच स्वतःच्याच होतं. तन्वीने पाटीवरचं इंग्लिश नीट केलं, म्हणाली, आई, यू कान्ट पुट ए कंप्लीट इन्व्हेंटरी ऑन ए साइन. मी म्हटलं, का नाही? नाहीच टाकू दिलं. यांनी मेथीच्या वाफ्यातून वेळ काढून फाटक रंगवलं. आज सकाळी ते बसवलं, बिजागरी लागेपर्यंत सगळ्यांनी धरून ठेवलं, पहिल्यांदा उघडलं ते मार्जरीबाईंनी, आणि आत जाऊन त्या बराच वेळ एकट्या उभ्या होत्या.

ही बघा माझी यादी, बावीस कामं. कुंपण, झालं. वाट, झाली. दगड सरळ करणं, झालं. नावांची नोंद प्रांताच्या कार्यालयात, झाली. गवत कापायच्या पाळ्या, लावल्या, उद्यापासून पहिली आमची. पाटी, झाली. फाटक, आज झालं. एकवीस बरोबरच्या खुणा. राहिलं एक.

तो कागद, टेबलावर फळांच्या बाउलखाली ठेवलाय तो. जुनी, बंद झालेली दफनभूमी एका कबरीपुरती पुन्हा उघडायच्या परवानगीचा अर्ज. मार्जरीबाईंनी जुलैतच मागितला होता. म्हणाल्या, मला हॅनाच्या पायाशी जागा हवी, अर्ज तू भर, तुझं अक्षर चांगलं आहे. मी वरचं सगळं भरलंय, नाव, पत्ता, नातं, नकाशा, अंतरं फुटांत आणि साखळ्यांतही, वेनकडून तपासून घेतलीत. फक्त सही आणि पोस्टात टाकणं. दर आठवड्याला फोनवर विचारतात, माझा कागद गेला का? मी म्हणते, स्टॅम्प संपलेत. आता बघा, माझ्याकडे बघतायत, कळलंय त्यांना मी कशाबद्दल बोलतेय ते.

मार्जरी म्हणतायत, शैला, तू तर यादी कधी अर्धी ठेवत नाहीस. खरंय. सगळं आयुष्य नाही ठेवली. देवाने यांना शंभरी द्यावी, आणि तोवर तो कागद तिथंच राहू दे. तुम्ही लिहा, काम नंबर बावीस, शिल्लक.